जुन्या पीसीत रॅम वाढवताना होणारे घोळ: जी४१ आणि एच६१ बोर्डांसाठी

दुकानातल्या बिलिंगला, शाळेच्या लॅबमध्ये, घरी मुलांच्या प्रोजेक्टला असे दहा-पंधरा वर्षं जुने पीसी अजून रोज चालू होतात. त्यातल्या पुष्कळांमध्ये इंटेलच्या जी४१ नाहीतर एच६१ चिपसेटचा (म्हणजे मुख्य नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड असतो. २ जीबी रॅमवर धापा टाकणारं असं मशीन ८ जीबीवर नेलं, तर टायपिंग, टॅली, ब्राउझर या कामांना अजून काही वर्षं आरामात पुरतं. म्हणून लोक रॅमची पट्टी मागवतात, स्लॉटमध्ये बसवतात, बटण दाबतात आणि पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही.

मग एकतर पट्टी खराब ठरते किंवा बोर्ड गेला असं ठरवून अख्खं मशीन भंगारात जातं. ही दुसरी गोष्ट मनाला लागते, कारण बहुतेक वेळा दोन्ही धडधाकट असतात. फक्त त्या बोर्डाला ती पट्टी वाचता येत नसते. म्हणून आधी जुळणीबद्दल नीट बोलू, बसवण्या-तपासण्याचं त्यानंतर.

आधी बोर्ड ओळखा

पीसी चालू असेल तर सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर टाका. त्याच्या मेनबोर्ड टॅबमध्ये बोर्डाचं मॉडेल आणि चिपसेट दिसतो. चालू नसेल तर कॅबिनेटची बाजू काढून बोर्डावर पाहा, मॉडेल नंबर मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटच्या आसपास.

जी३१ असेल तर डीडीआर२ रॅम आणि कमाल ४ जीबी. त्याच्यावर फार खर्च करू नका.

जी४१ हा २००८ चा चिपसेट, कोअर २ ड्युओ आणि पेंटियम ड्युअल कोअरच्या जमान्यातला. सहसा डीडीआर३ घेतो, कमाल ८ जीबी, म्हणजे ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या. काही जी४१ बोर्डांवर डीडीआर२ आणि डीडीआर३ असे दोन्ही प्रकारचे स्लॉट असतात. एका वेळी एकच प्रकार भरायचा. जुनी डीडीआर२ ठेवून शेजारी नवी डीडीआर३ टाकली तर पीसी चालू होणार नाही.

एच६१ हा २०११ चा. आय३-२१००, आय५-२४००, आय३-३२२० असे प्रोसेसर याच्यावर बसतात. दोन स्लॉट, डीडीआर३, कमाल १६ जीबी. त्यापुढचा एच८१, २०१३ चा, रॅमच्या बाबतीत जवळपास तसाच: डीडीआर३, दोन स्लॉट, १६ जीबी. इथलं एच६१ बद्दलचं जवळपास सगळं त्यालाही लागू पडतं.

पट्टीवरचा बारीक मजकूर

डेस्कटॉपच्या डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्ही पट्ट्यांना २४० पिना असतात आणि लांबीही तेवढीच. खालच्या कडेचा काप मात्र वेगळ्या जागी असतो, त्यामुळे एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड, डीडीआर३ मध्ये २०४ पिनांची, ती इथे चालणारच नाही. एवढं सगळ्यांना कळतं. घोळ होतो तो याच्या पुढे.

पट्टीच्या स्टिकरवर साधारण असं लिहिलेलं असतं: ४जीबी २आरएक्स८ पीसी३-१०६००यू. हे एकेक करून वाचू.

पीसी३ म्हणजे डीडीआर३. १०६०० म्हणजे १३३३ स्पीड. ८५०० असेल तर १०६६, १२८०० असेल तर १६००. शेवटचा यू सगळ्यात महत्त्वाचा: ही साधी डेस्कटॉपची पट्टी. तिथे आर असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड पट्टी आहे. कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, जी४१ आणि एच६१ तिच्यावर सुरूच होणार नाहीत. पीसी३एल असेल तर ती १.३५ व्होल्टवर चालू शकणारी. साध्या डीडीआर३ बोर्डावर ती १.५ व्होल्टवर चालते, अडचण सहसा येत नाही.

आता २आरएक्स८. आर म्हणजे रँक, एकत्र काम करणाऱ्या चिपांचा एक गट, आणि एक्सच्या पुढचा आकडा म्हणजे एकेक चिप किती बिट रुंद आहे. रॅमची वाट ६४ बिटांची असते. ८ बिटांच्या चिप वापरल्या तर एका रँकला ८ चिप लागतात. २आरएक्स८ म्हणजे १६ चिप, दोन्ही बाजूंना आठ-आठ. १आरएक्स८ म्हणजे ८ चिप, एकाच बाजूला.

४ जीबी भागिले १६ म्हणजे प्रत्येक चिप २५६ एमबी, म्हणजेच २ गीगाबिटची (८ बिटांचा १ बाइट). ४ जीबी भागिले ८ म्हणजे प्रत्येक चिप ५१२ एमबी, ४ गीगाबिटची. आणि जी४१ ला २ गीगाबिटच्या वरची चिप वाचता येत नाही.

म्हणजे जी४१ साठी ४ जीबीची पट्टी घ्यायची तर ती दोन्ही बाजूंनी चिप असलेली, १६ चिपांचीच हवी. आज नव्या मिळणाऱ्या ४ जीबी डीडीआर३ पट्ट्यांमध्ये पुष्कळशा ८ चिपांच्या असतात. दिसायला सुटसुटीत, एका बाजूनं कोऱ्या. त्या एच६१ वर मजेत चालतात आणि जी४१ वर डिस्प्ले देत नाहीत, किंवा कधीकधी ४ च्या जागी २ जीबीच दाखवतात. दुकानदार आपल्या मशीनवर लावून दाखवतो, तिथे चालते. घरी चालत नाही. दोघंही खरं बोलत असतात, आणि भांडण मात्र होतं. २ जीबीच्या पट्टीला हा त्रास नाही, ती ८ चिपांची असो की १६, चिप २ गीगाबिटच्या आतच राहते.

असं का, हे समजून घेतलं तर पुढचा प्रकारही लगेच कळेल. चिपच्या आतल्या जागा नाट्यगृहातल्या खुर्च्यांसारख्या मांडलेल्या असतात. कंट्रोलर, म्हणजे रॅम वाचणारा-लिहिणारा भाग, आधी रांगेचा नंबर सांगतो, मग खुर्चीचा. २ गीगाबिटच्या ८ बिटी चिपमध्ये रांगेला १५ बिट आणि खुर्चीला १० बिट लागतात. ४ गीगाबिटच्या चिपला रांगेसाठी १६ वा बिट हवा, आणि तो जी४१ कडे नाही.

‘फक्त एएमडीसाठी’ असलेल्या पट्ट्या

ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या अतिस्वस्त ४ आणि ८ जीबीच्या डीडीआर३ पट्ट्यांमध्ये पुष्कळदा ४ बिट रुंद चिप वापरलेल्या असतात. यांनाही १६ चिप असतात, त्यामुळे नुसत्या मोजून कळत नाही. २ गीगाबिटच्या ४ बिटी चिपला खुर्चीचा नंबर ११ बिटांचा लागतो. एएमडीच्या डीडीआर३ घेणाऱ्या डेस्कटॉप प्रोसेसरमधला कंट्रोलर तो देऊ शकतो, या बोर्डांवरचे इंटेलचे चिपसेट आणि प्रोसेसर देऊ शकत नाहीत. म्हणून ती पट्टी एएमडीवर छान चालते आणि एच६१ वर बीप वाजवत बसते. बायोस (पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) अपडेट करून, स्पीड कमी करून, व्होल्टेज वाढवून काही फरक पडत नाही. त्यात वेळ घालवू नका, पट्टी परत करा.

ओळखायची कशी? विक्रेत्याच्या वर्णनात ‘एएमडी’ हा शब्द कुठेतरी बारीक अक्षरात असतो, तो शोधा. पट्टी हातात असेल तर चिपवरचा नंबर वाचा. डोळ्यांनी जमत नसेल तर मोबाइलनं जवळून फोटो काढून मोठा करा. उजेड तिरपा पडू द्या, म्हणजे कोरलेली अक्षरं उठून दिसतात. सॅमसंगची चिप के४बी२जी०८४६ असेल तर ‘२जी’ म्हणजे २ गीगाबिट आणि त्यापुढचं ‘०८’ म्हणजे ८ बिट रुंद: इंटेलवर चालणारी. तिथे के४बी२जी०४४६ असेल तर ती ४ बिटी. हायनिक्सच्या चिपवर एच५टीक्यू२जी८३ असेल तर चालेल, एच५टीक्यू२जी४३ असेल तर नाही. ‘२जी’ च्या जागी ‘४जी’ दिसलं तर चिप ४ गीगाबिटची, म्हणजे जी४१ साठी बाद. चिपवरचा नंबर घासून काढलेला असेल किंवा चिपवर काहीच छापलेलं नसेल, तर अशी पट्टी घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

एच६१ वाल्यांसाठी आणखी एक. ८ जीबीची पट्टी १६ चिपांची, ४ गीगाबिटच्या ८ बिटी चिप असलेली घ्या. १६ जीबीच्या एकाच पट्टीच्या मोहात पडू नका. तिच्यात ८ गीगाबिटच्या चिप असतात, आणि त्यांनाही तोच ११ वा बिट लागतो.

बायोसचे फोटो काढून ठेवा

कॅबिनेट उघडण्याआधी दोन मिनिटं बायोसमध्ये जा. डिलीट किंवा एफ२, काही ब्रँडेड मशीनवर एफ१० दाबून जाता येतं. सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. सगळ्यात महत्त्वाचं पान म्हणजे हार्ड डिस्कचा मोड: साटा मोड आयडीई आहे की एएचसीआय.

कारण असं, की पुढे अडचण आली तर बायोस रीसेट करावा लागू शकतो. रीसेट केल्यावर हा मोड बदलतो, विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं, आणि माणूस समजतो की नव्या रॅमनं विंडोज खाल्लं. मोड पुन्हा होता तसा केला की विंडोज मुकाट चालू होतं.

विंडोज १० असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे फास्ट स्टार्टअप न होता पूर्ण बंद होतं. हायबरनेट केलेल्या मशीनची रॅम कधीही बदलू नका.

बसवताना

मागची वायर काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग समोरचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे एसएमपीएसमध्ये (पॉवर सप्लायमध्ये) उरलेला करंट निघून जातो. पीसी बंद असला तरी वायर लागलेली असेपर्यंत बोर्डावर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू असतो. काही बोर्डांवर त्यासाठी छोटा दिवा असतो. तो पूर्ण विझल्यावरच रॅमला हात लावा. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा, अंगातली स्टॅटिक वीज उतरते.

पट्टीचा काप आणि स्लॉटमधली खूण जुळवा. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिप ‘टक्’ करून स्वतः उभ्या राहायला हव्यात. हातानं क्लिप ओढून लावली तर पट्टी अर्धवट बसलेली असू शकते. वरून बघितल्यावर बसल्यासारखीच वाटते, म्हणून डोळा स्लॉटच्या पातळीवर आणून पाहा: सोनेरी पिनांची रेघ दोन्ही टोकांना सारखीच दिसली पाहिजे. एका टोकाला जास्त दिसत असेल तर ते टोक वर राहिलंय. छोट्या एच६१ बोर्डांवर ग्राफिक्स कार्ड क्लिपच्या आड येतं, तेव्हा कार्ड आधी काढा, रॅम बसवा, मग कार्ड लावा.

काप जुळत नसताना जोर लावून उलटी बसवलेली पट्टी चालू करताच जळते, सोबत स्लॉटही काळा पडतो. जोर जास्त लागतोय असं वाटलं की थांबा.

एकच पट्टी असेल तर कुठल्या स्लॉटमध्ये? दोन स्लॉटच्या बोर्डावर सहसा कुठेही चालते. चार स्लॉटच्या आणि ब्रँडेड मशीनमध्ये क्रम ठरलेला असतो. एचपी कॉम्पॅकच्या काही ऑफिस मॉडेलमध्ये काळ्या रंगाचा पहिला स्लॉट भरलेला असावाच लागतो. मॅन्युअल नेटवर मिळतं, मॉडेल नंबर टाकून बघा.

डिस्प्ले येत नाही

पहिल्यांदा चालू केल्यावर एक मिनिट थांबा. नवी रॅम दिसल्यावर काही एच६१ बोर्ड दोन-तीन वेळा आपोआप बंद-चालू होतात आणि मग सुरू होतात. तेवढ्यात घाबरून वायर काढू नका.

मिनिटभरानंतरही काही नसेल तर बीप ऐका. कॅबिनेटला स्पीकर नसेल तर चार पिनांचा छोटा बझर किरकोळ पैशांत मिळतो, बोर्डावरच्या ‘स्पीकर’ लिहिलेल्या पिनांवर लावा. हा बझर ज्यानं घेतला त्याचे कित्येक तास वाचतात. एएमआय कंपनीच्या बायोसवर १, २ किंवा ३ छोटे बीप मेमरीकडे बोट दाखवतात. मात्र यशस्वी सुरुवातीलाही एक छोटा बीप येतो, त्यामुळे तो डिस्प्लेसोबतच जोखा. अवॉर्ड कंपनीच्या बायोसवर थांबून थांबून वाजत राहणारे लांब बीप म्हणजे रॅम बसलेली नाही किंवा चालत नाही. एचपीच्या ऑफिस मशीनवर ५ बीप आणि लाल दिव्याची ५ वेळा उघडझाप म्हणजे मेमरी.

बीप अजिबात नाहीत? मग सगळी रॅम काढून पीसी चालू करा. आता बीप वाजले तर बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत, आणि घोळ पट्टीचा, स्लॉटचा किंवा जुळणीचा आहे. रॅम नसतानाही शांतता असेल तर रॅमचा विषय बाजूला ठेवा. २४ पिनांचा मुख्य आणि प्रोसेसरजवळचा ४ पिनांचा पॉवर कनेक्टर दाबून बघा, ग्राफिक्स कार्ड पुन्हा बसवा. रॅम बसवताना हाताचा धक्का लागून यातलं काहीतरी सैल झालेलं असतं, आणि शोध मात्र रॅमवर चालू राहतो.

बीप आले तर पुढचा क्रम असा धरा:

१. जुनी पट्टी एकटी, तिच्या जुन्या स्लॉटमध्ये. चालू झालं पाहिजे. नाही झालं तर बायोस रीसेट करा.
२. नवी पट्टी एकटी, त्याच स्लॉटमध्ये. इथे अडलं तर जुळणी चुकली किंवा पट्टी खराब. चिपचे नंबर पुन्हा वाचा.
३. चालली तर जुनी पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटी. इथे अडलं तर तो स्लॉट घाण किंवा मेलेला.
४. दोघी वेगवेगळ्या चालतात पण एकत्र नाही, तर टायमिंगचा प्रश्न. त्याबद्दल खाली.

प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते कागदावर लिहा. पट्ट्यांना पेन्सिलनं अ, ब लिहिलेला कागदी तुकडा चिकटवा. चौथ्या फेरीनंतर कुठली पट्टी कुठे होती हे कोणालाच आठवत नाही.

बायोस रीसेटसाठी वायर काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल दहा मिनिटं काढून ठेवा, किंवा सेलजवळचा क्लिअर सीमॉस जंपर पिन १-२ वरून २-३ वर दहा सेकंद लावून परत जागेवर आणा. सेल मीटरवर २.८ व्होल्टच्या खाली दाखवत असेल तर नवा टाका, असाही तो आता थकलेलाच असणार. मग तारीख-वेळ नीट लावा, नाहीतर ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला असुरक्षित म्हणत राहील.

पिना आणि स्लॉट साफ करणं

कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर बंद पडलेला पीसी चालू करताना हे आधी करा, पट्टी बदलण्याच्याही आधी. दमट हवेत धूळ ओली होऊन पिनांवर पातळ थर बसतो आणि रॅम वाचली जात नाही.

पांढरा मऊ खोडरबर घ्या. शाईचा खरखरीत खोडरबर चालणार नाही, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि खरवडला गेला की खालचा धातू गंजतो. पट्टी कडेनं धरा, सोनेरी पिना टेबलाच्या कडेला टेकवा आणि वरून खाली, पिनांच्या लांबीच्या दिशेनं, हलक्या हातानं सात-आठ वेळा घासा. आडवं घासू नका. दोन्ही बाजू करा. मळकट पिवळा रंग जाऊन चमक आली की पुरे. हे काम कॅबिनेटपासून लांब करा. खोडरबरचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर आधीपेक्षा वाईट परिस्थिती होते. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या सुती कापडानं पुसून पाच मिनिटं वाळू द्या. पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर वापरू नका.

स्लॉटला कोरडा, न वापरलेला मऊ ब्रश आणि फुग्याचा ब्लोअर. तोंडानं फुंकलं तर थुंकीची वाफ आत जाते. सुई, टाचणी, सेफ्टीपिन आत घालायचं तर मनातही आणू नका. आतले स्प्रिंगसारखे काटे एकदा वाकले की स्लॉट गेला. टॉर्चच्या उजेडात आत बघून एखादा काटा बसलेला किंवा काळा दिसतोय का ते पाहा.

जी४१ च्या वयाच्या बोर्डांवर रॅम स्लॉटजवळचे कपॅसिटर बघा. माथा सपाट हवा. फुगलेला किंवा वर तपकिरी चिकटा आलेला असेल तर रॅमला मिळणारा पुरवठाच डळमळीत आहे. कपॅसिटर बदलून मिळतात, पण हे सोल्डरिंगचं काम जाणकाराकडूनच करून घ्या.

एच६१ वर मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो. पट्ट्या, स्लॉट सगळं तपासूनही एक स्लॉट दिसतच नसेल, तर प्रोसेसर काढून सॉकेटमधल्या पिना तिरप्या उजेडात पाहा. एखादी वाकलेली पिन एका चॅनेलला, म्हणजे रॅमच्या एका वाटेला, गायब करू शकते.

पीसी चालू झाला, पण रॅम कमी दिसते

बायोसमध्ये किती दिसते ते आधी बघा. बायोसच ४ दाखवत असेल तर प्रश्न वरच्या जुळणीचा किंवा स्लॉटचा. बायोस ८ म्हणतो आणि विंडोज ‘३.२५ जीबी वापरण्याजोगी’ म्हणतं, तर तुमचं विंडोज ३२ बिटचं आहे. ३२ बिटवर ४ जीबीच्या पुढे जाता येत नाही, आणि त्यातूनही हार्डवेअरसाठी राखलेली जागा वजा होते. ३२ वरून ६४ बिटवर अपग्रेडचा पर्याय नसतो, डेटाची कॉपी घेऊन नव्यानंच टाकावं लागतं. आणि ४ जीबीच्या पुढे जायचं असेल तर ते टाकाच, नाहीतर रॅमचे पैसे वाया.

विंडोज ७ च्या आवृत्त्यांनाही आपापली मर्यादा आहे. स्टार्टर २ जीबीवर थांबतं. आपल्याकडे त्या काळी नव्या मशीनबरोबर पुष्कळदा मिळालेलं होम बेसिक ६४ बिट ८ जीबीवर, होम प्रीमियम १६ वर.

विंडोज ६४ बिट आहे, तरी ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ मध्ये दोन-चार जीबी अडकलेत? रनमध्ये एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅब, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. ‘मॅक्सिमम मेमरी’ वर टिक असेल तर काढा आणि रीस्टार्ट करा. ‘पीसी फास्ट करण्याचे उपाय’ बघून ही टिक केलेली असते, आणि तिचा उपयोग शून्य. तिथे टिक नसेल तर बायोसमध्ये मेमरी रिमॅप नावाचा पर्याय शोधून चालू करा. शंभरेक एमबी कमी दिसत असतील तर ती ऑनबोर्ड ग्राफिक्सनं घेतलेली जागा. तिची काळजी नको.

स्पीडची शंका

सीपीयू-झेडमध्ये मेमरी टॅबवर ६६५ दिसतंय आणि पट्टी १३३३ ची? बरोबर आहे. तो खरा क्लॉक, डीडीआर म्हणजे त्याच्या दुप्पट. १६०० ची पट्टी आय३-२१०० सोबत १३३३ वरच धावणार, कारण त्या पिढीची हद्द तेवढी. जी४१ वर प्रोसेसरच्या एफएसबीनुसार (प्रोसेसर आणि चिपसेटमधल्या वाटेच्या वेगानुसार) ८०० किंवा १०६६. यात बिघाड काही नाही.

त्याच टॅबमध्ये चॅनेलसमोर ‘ड्युअल’ आहे ना, ते बघा. दोन सारख्या पट्ट्या टाकूनही ‘सिंगल’ असेल तर एक पट्टी दिसत नाहीये.

चालतो, पण मधेच अडकतो

निळी स्क्रीन येऊन ‘मेमरी मॅनेजमेंट’ लिहिणं, झिप फाइल उघडताना सीआरसी एरर, सॉफ्टवेअर इन्स्टॉल होता होता बंद पडणं ही संशयित रॅमची लक्षणं. अशा रॅमवर विंडोज चालवत राहू नका. रॅममध्ये चुकलेला आकडा हार्ड डिस्कवर तसाच लिहिला जातो, आणि वर्षभराचा हिशेब किंवा घरातले फोटो कधी बिघडले ते कळतही नाही.

मेमटेस्ट ८६+ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा. किमान चार पूर्ण फेऱ्या होऊ द्या, त्यासाठी रात्रभर लावून ठेवलेलं बरं. एकही एरर आली तरी ती पट्टी नापास. ‘एकच तर आहे’ म्हणून सोडू नका. दोन पट्ट्या असतील तर एरर आल्यावर एकेक वेगळी तपासा.

वेगवेगळ्या स्वच्छ पण एकत्र एरर देणाऱ्या पट्ट्यांसाठी बायोसमध्ये मेमरी स्पीड एक पायरी खाली आणा, १३३३ वरून १०६६. कमांड रेट १टी असेल तर २टी करा. रोजच्या कामात हा फरक जाणवत नाही. व्होल्टेज १.५ च्या आसपासच ठेवा. एच६१ वर बसणाऱ्या प्रोसेसरसाठी १.५७५ ही वरची हद्द आहे, त्यामुळे १.६५ व्होल्ट मागणाऱ्या गेमिंगच्या जुन्या पट्ट्या इथे नकोत. एवढं करूनही एरर येत असेल तर दोन्ही पट्ट्या एकाच मेकच्या, एकाच नंबरच्या घ्या.

घ्यायला जाताना

आपली जुनी पट्टी खिशात घालून जा. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात तिच्याच चिपची जोडी सापडते, आणि वापरलेली पण मूळ ब्रँडची पट्टी बेनाव नव्या पट्टीपेक्षा जास्त भरवशाची असते. दुकानदाराला ‘४ जीबी डीडीआर३ द्या’ एवढंच सांगू नका. ‘जी४१ आहे, दोन्ही बाजूंनी चिपवाली द्या’ असं सांगा, आणि चालली नाही तर बदलून मिळेल हे बिलावर लिहून घ्या. जमलं तर कॅबिनेटच घेऊन जा आणि तिथेच बायोसमध्ये ८ जीबीचा आकडा बघून पैसे द्या.